कवडसे बुजवताना

दर तिसऱ्या आठवड्यात आमच्या घरातली रात्र सकाळी साडेआठला सुरू होते. माझे यजमान चाकणच्या एका कारखान्यात तीन पाळ्यांमध्ये काम करतात. रात्रपाळीहून परतल्यावर चहा-नाश्ता आटोपून ते झोपायच्या खोलीत जातात, तेव्हा आमच्या पूर्वेकडच्या खिडकीवर ऊन थेट आलेले असते. पुण्यातले हे घर दुसऱ्या मजल्यावर आहे आणि नेमक्या त्याच खिडकीसमोर, रस्त्यापलीकडे, पथदिव्याचा खांब आहे. त्यामुळे दिवसा त्यांना उन्हाचा आणि रात्री मला दिव्याचा, असा एकाच खिडकीचा दोघांनाही त्रास होता. कित्येक वर्षे आम्ही तो त्रास झोपेचा मानला. खिडकीचा मानला नाही. ते साडेदहा-अकराला जागे होऊन बसत, उरलेला दिवस जड डोळ्यांनी काढत आणि पुन्हा रात्री कामावर जात. मी रात्री दोन-तीनदा कूस बदलताना भिंतीवरचा तो पांढरा चौकोन पाहत असे आणि वयाबरोबर झोप कमी होतेच, अशी मनाची समजूत घालत असे.

पडदे नव्हते असे मुळीच नाही. गृहप्रवेशाच्या वेळी हौसेने घेतलेले फिकट पिवळे, सुती पडदे होते. उन्हात ते इतके सुंदर दिसत की सगळी खोली हळदीच्या रंगाची होई. त्यातला दोष लक्षात आला तेव्हा मी बहुतेक जण करतात तेच केले. दुकानात जाऊन सर्वांत जाड आणि सर्वांत गडद कापड मागितले, त्यांनी ‘ब्लॅकआउट’ म्हणून दिलेले मरून रंगाचे कापड घेतले, जुन्याच रॉडवर बसेल अशा मापाचे पडदे शिवून घेतले आणि ते लावून पहिल्या सकाळची वाट पाहिली. त्या सकाळी पडद्याच्या मधोमध खरोखर अंधार होता. पण वरच्या बाजूने छतावर उन्हाचा पट्टा पसरला होता, दोन्ही बाजूंनी भिंतीवर उभ्या तिरीपा पडल्या होत्या आणि दोन पडदे जिथे मिळतात तिथून एक लांब कवडसा थेट उशीवर आला होता. शिवाय कापड उजेडासमोर धरल्यावर त्याच्या विणीतून बारीक ठिपके दिसत होते. नाव ब्लॅकआउट असले तरी ते केवळ जाड पॉलिस्टर होते. दुकानदाराला दोष देऊन माझे पैसे परत येणार नव्हते. मी मात्र कापड कसे पारखायचे हे त्यानंतरच शिकले.

इथे थोडा हिशेब मांडते, कारण तो मांडल्यावरच माझा गोंधळ मिटला. लक्स हे उजेड मोजण्याचे एकक. भर उन्हाचा उजेड एक लाख लक्सच्या घरात असतो, तर स्वच्छ आकाशातल्या पौर्णिमेच्या चांदण्याचा उजेड जेमतेम पाव लक्स भरतो. म्हणजे एखादे कापड ९९ टक्के उजेड अडवत असले, तरी त्याच्यावर थेट ऊन पडत असेल तर दुसऱ्या बाजूला एक हजार लक्स उरतात, आणि तेवढ्यात माणूस आरामात वर्तमानपत्र वाचू शकतो. रात्रीच्या पथदिव्यासाठी तेच कापड पुरेसे ठरते, कारण मुळात अडवायचा उजेडच थोडा असतो. आता फटींचे पाहू. आमची खिडकी पाच फूट रुंद आणि चार फूट उंच, म्हणजे वीस चौरस फुटांची. वरची आणि दोन्ही बाजूंची मिळून तेरा फूट कड होते. त्या कडेने एकच इंच फट राहिली, तर उघडी जागा एक चौरस फुटाहून थोडी जास्त, म्हणजे खिडकीच्या पाच टक्क्यांहून अधिक भरते. कापडातून एक टक्का उजेड येत असताना कडेने पाच टक्के येत असेल, तर आणखी जाड कापड घेऊन काय साधणार? माझे पैसे कापडावर गेले होते आणि उजेड कडेने येत होता.

एवढ्याशा उजेडाने खरेच काही बिघडते का, असा प्रश्न घरात निघाला. सासूबाईंचे म्हणणे होते की दमलेल्या माणसाला उन्हात बाजेवरही झोप लागते, आणि ते खोटे नाही. तरीही झोप लागणे आणि झोप पुरी होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. डोळ्याच्या पडद्यावर पाहण्याचे काम करणाऱ्या पेशींखेरीज काही पेशी अशा आहेत की ज्या प्रामुख्याने उजेड आहे की नाही याची वर्दी मेंदूला देतात. त्या स्वतःच प्रकाशाला प्रतिसाद देतात हे २००२ साली सिद्ध झाले. या पेशी निळसर उजेडाला सर्वांत जास्त दाद देतात. त्यांच्याकडून दिवसाची वर्दी मिळाली की मेलाटोनिन, म्हणजे शरीराला रात्र झाल्याचे सांगणारे द्रव्य, कमी तयार होते. शरीरातल्या या दैनंदिन घड्याळाचे पेशींमधले काम कसे चालते, हे उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. पापण्या मिटल्या म्हणजे हे दार बंद होते असेही नाही. पापणीच्या पातळ कातडीतून काही उजेड आत जातोच. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात वीस निरोगी तरुणांवर केलेला एक प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात केवळ एक रात्र सुमारे १०० लक्स उजेडात झोपलेल्यांची हृदयगती झोपेतही वाढलेली राहिली आणि सकाळी त्यांच्या शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद मंदावलेला आढळला. वीस माणसे आणि एक रात्र यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत हे मला मान्य आहे. परंतु आमच्या खोलीत सकाळी नऊला १०० लक्सपेक्षा कितीतरी अधिक उजेड होता आणि तोही वर्षातले सतरा-अठरा आठवडे. त्याच वर्षी या विषयातल्या तज्ज्ञांच्या एका गटाने ज्या शिफारशी केल्या, त्यांत झोपेच्या जागी निळसर प्रकाशाच्या हिशेबाने मोजलेला उजेड एका लक्सच्या आतच असावा असे म्हटले आहे. एक लक्स म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याच्या काही पटच.

पथदिव्याचे गणितही याच निळसरपणाशी जोडलेले आहे. आम्ही राहायला आलो तेव्हा समोरच्या खांबावर पिवळा-नारिंगी सोडियम दिवा होता. केंद्र सरकारने २०१५ साली पथदिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केल्यापासून देशभर ते दिवे बदलून एलईडी आले, विजेची मोठी बचत झाली, आणि आमच्या गल्लीतून रात्री उशिरा एकटीने चालत येणाऱ्या मुलींना त्या उजेडाचा आधार वाटतो हे मी रोज पाहते. तो दिवा मंद करावा असे मी कधीच म्हणणार नाही. मात्र पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात निळा अंश जुन्या सोडियम दिव्यापेक्षा पुष्कळ जास्त असतो, आणि तो अडवण्याची जबाबदारी त्यामुळे माझ्या खिडकीवर आली.

खिडकी दुरुस्त करण्याची खरी युक्ती मला आत्याकडून मिळाली. तिचे लहानपण गिरगावातल्या चाळीत गेले आणि १९७१ च्या युद्धाच्या वेळी मुंबईत ब्लॅकआउट पाळला जात असे, तेव्हा ती शाळकरी होती. खिडक्यांच्या काचांना काळा कागद चिकटवलेला असे, दिव्यांना कागदाच्या टोप्या असत, आणि कुठल्या बिऱ्हाडातून उजेडाची रेघ जरी दिसली तरी खालून आरोळी येई. त्यामुळे तिचे वडील रोज दिवेलागणीला घरातला दिवा लावून स्वतः खाली रस्त्यावर जात आणि आपलीच खिडकी खालून निरखत. मला तिने तेच करायला सांगितले. आम्ही रात्री खोलीतला मोठा दिवा लावला, पडदे नीट ओढले आणि रस्त्यापलीकडे खांबाशी जाऊन उभे राहिलो. जिथून आतला उजेड बाहेर येतो, तिथूनच बाहेरचा आत जाणार. म्हणून खांबापाशी उभे राहिल्यावर सगळे गुपित दिसले. रॉड चौकटीला इतका लागून होता की वरची कड उघडीच होती. डावीकडे पडदा भिंतीपासून चार बोटे सुटलेला होता. उजवीकडच्या कोपऱ्यात, जुन्या एसीच्या नळीसाठी पाडलेल्या भोकातूनसुद्धा उजेडाचा ठिपका दिसत होता, आणि त्या भोकाचा मला पूर्ण विसर पडला होता.

दुरुस्तीची सुरुवात मग कापडाऐवजी रॉडपासून झाली. जुना रॉड काढून नवा रॉड चौकटीच्या सहा इंच वर आणि दोन्ही बाजूंना आठ-आठ इंच बाहेर जाईल असा बसवला, म्हणजे कापड भिंतीवर पुरेसे चढते आणि तिरप्या कोनातून येणारा उजेड त्याच्या कडेपर्यंत पोचता पोचता बराच क्षीण होतो. रॉडची दोन्ही टोके भिंतीकडे वळवलेली घेतली. त्यामुळे पडद्याची शेवटची रिंग भिंतीला टेकते आणि बाजूची फट राहत नाही. एवढ्या एका बदलाने जितका फरक पडला, तितका दुसऱ्या कशानेही पडला नाही. आमच्या सुताराने वरच्या बाजूला साध्या प्लायची, वरून झाकलेली पेल्मेट, म्हणजे रॉड झाकणारी लांबट पेटी, करून दिली. पूर्वी घरोघरी असायची आणि मग जुनाट वाटते म्हणून काढून टाकली गेली, तीच ही पेल्मेट; वरची बाजू बंद करणारे तिच्याइतके सोपे साधन मला दुसरे दिसले नाही. मात्र तिला वरून झाकण हवेच. नुसती पुढची फळी लावली तर उजेड मागून वर चढतो आणि छतावर पसरतो.

पडदे शिवणाऱ्या काकांशी मापावरून थोडी चर्चा झाली. पडदेकापडाचा पन्हा अनेकदा ५४ इंच असतो आणि ग्राहकाचे पैसे वाचावेत म्हणून ते पाच फुटांच्या खिडकीला दोन पन्हे पुरतील म्हणत होते. परंतु रॉड आता साडेसहा फुटांच्या जवळ गेला होता, चुण्या पडण्यासाठी कापड रॉडच्या निदान दीडपट हवे आणि मधोमध दोन पडदे चार-पाच इंच एकमेकांवर चढायला हवेत. शिवाय दोन्ही कडांच्या दुमडीत माया जाते. म्हणून तीन पन्हे घेतले आणि दीड-दीड पन्ह्याचे दोन पडदे केले. कापड ताणून सपाट लावले की ते मधूनच उघडते. चुण्या असल्या की त्याला झोपेत पाय लागला किंवा पंख्याचा वारा लागला तरी फट पडत नाही. लांबीही खिडकीच्या खाली पुरेशी उतरू दिली. मधल्या मिळणीवर वेल्क्रोचे तीन छोटे तुकडे लावले. एसीच्या नळीचे भोक मिस्त्रीकडून सिमेंटने बुजवून घेतले.

कापडाबद्दल आता जे कळले आहे ते सांगते. बाजारात ब्लॅकआउट म्हणून मुख्यतः दोन जाती मिळतात. एकीत कापडाच्या मागे लेपाचे थर दिलेले असतात, त्यातला मधला थर काळा असतो, आणि असे कापड नीट बनवलेले असेल तर त्यातून जवळजवळ काहीच उजेड येत नाही. दुसरीत लेप नसतो. विणतानाच मधे काळे सूत घातलेले असते. हे कापड हाताला मऊ लागते, त्याच्या चुण्या छान पडतात आणि ते घरी धुता येते, पण थेट उन्हात ते लेपाच्या कापडाइतके कडक अडवत नाही. आम्ही पूर्वेच्या खिडकीसाठी लेपाचे, पाठीमागून पांढरे कापड घेतले, आणि त्याच्या आत घरातल्या बाजूला माझे जुने पिवळे पडदे दुसऱ्या रॉडवर तसेच ठेवले. दुकानात कापड पारखायचे असेल तर मोबाइलचा टॉर्च मागून टेकवून पाहावा. प्रकाशाचा गोल दिसला तर ते कापड अंधार करणारे नव्हे. लेपाचे कापड गरम पाण्यात धुऊ नये, पिळू नये, ब्लीच लावू नये आणि लेपावर तापलेली इस्त्री फिरवू नये, नाहीतर लेपाला भेगा पडतात आणि त्या भेगांतून चांदण्यांसारखे ठिपके दिसू लागतात. नव्या कापडाला वास येतो. आम्ही ते चार दिवस गॅलरीत वाऱ्यावर टाकले होते. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी पावसाळ्यात पडद्याची मागची बाजू आठवड्यातून एकदा तरी पाहावी, कारण दमट हवेत भिंत आणि जाड कापड यांच्यामधे बुरशी फार लवकर धरते.

अंधारापेक्षा मला हवेची काळजी जास्त होती, आणि आजही आहे. खिडकी गच्च बंद करून झोपणे आपल्याकडच्या माणसाला मानवत नाही. एप्रिल-मे मध्ये तर बंद खोलीत पडद्यामागे तापलेली हवा कोंडते आणि संध्याकाळपर्यंत भिंती गरम राहतात. आतला पडदा, तो कितीही जाड असो, ऊन काचेतून आत आल्यावर त्याला अडवतो. तोवर उष्णता घरात शिरलेली असते. पांढरी पाठ त्यातली काही परतवते, सगळी नाही. ऊन काचेबाहेरच अडवणे हाच खरा उपाय, आणि तो आपल्या जुन्या घरांना चांगला ठाऊक होता: खोल छज्जे, लाकडी झडपांच्या खिडक्या, ओटीला सोडलेले बांबूचे चिक, विदर्भातल्या उन्हाळ्यात पाणी मारून भिजवलेले वाळ्याचे पडदे. आमच्या खिडकीला छज्जा नावापुरता आहे, म्हणून बाहेरच्या ग्रिलला आतून बांबूचा चिक बांधला. मार्च ते जून तो खाली सोडलेला असतो आणि ऊन काचेला लागण्याआधीच त्याच्यावर खर्च होते. चिकामागे सरकती काच चार बोटे उघडी ठेवली, मच्छरजाळी लावली आणि पडद्याच्या खालच्या दुमडीत वजनाची बारीक साखळी शिवून घेतली, की वारा येतो पण पडदा उडत नाही. थोडा उजेड खालून येतो हे खरे; मात्र तो जमिनीवर पडतो, डोळ्यांवर येत नाही, आणि कोंदट अंधारापेक्षा मला हा सौदा पटतो. ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांनी दोरी ओढून वर घेण्याचे ब्लाइंड आणि चिक लावताना दोरी मुलांच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर बांधावी. लोंबती दोरी मुलांच्या गळ्यात अडकून प्राणावर बेतते. पाळणा किंवा पलंग तर खिडकीशी ठेवूच नये.

आवाजाच्या बाबतीत मात्र फारशी आशा धरू नये. जाड पडद्याने खोलीतला घुमारा कमी होतो, पण हॉर्न आणि भांडीवाल्याची हाक फटींमधून येते आणि उघड्या खिडकीतून तर येणारच.

आमच्या खोलीचे पाहून सासूबाईंच्या खोलीलाही तसेच पडदे करावेत असा बेत होता, आणि तो मी बदलला. त्या ७८ वर्षांच्या आहेत, रात्री दोनदा उठतात, आणि त्यांच्या खोलीत गडद अंधार करणे म्हणजे पडण्याला आमंत्रण देणे होते. त्यांच्या खिडकीवर विणीचे ब्लॅकआउट कापड लावले, ते पथदिव्याचा पांढरेपणा अडवते, आणि पलंगापासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर जमिनीलगत दोन मंद, तांबूस-पिवळे दिवे लावले, जे हालचाल झाली की पेटतात आणि मिनिटभरात विझतात. असा उजेड पायाखाली पडतो, डोळ्यांवर येत नाही, आणि त्यात निळा अंश फारच कमी असतो. घरातल्या प्रत्येक माणसाला सारखाच अंधार लागत नाही, हे मला त्यांच्यामुळे नीट समजले.

यजमानांची झोप आता साधारण एक-दीड वाजेपर्यंत टिकते. ती रात्रीच्या झोपेइतकी सलग नसते आणि असणारही नाही, कारण शरीराचे घड्याळ दुपारकडे सरकत असताना स्वतःच जागे व्हायला सांगत असते आणि कुठलाही पडदा ते थांबवू शकत नाही. कारखान्याच्या बसमधून येताना ते गडद चष्मा लावतात, म्हणजे वाटेतल्या सकाळच्या उन्हाने शरीराला दिवस सुरू झाल्याची वर्दी कमी पोचते. त्यांच्या पहिल्या आणि दुसऱ्या पाळीच्या आठवड्यांत मात्र एक नवीच अडचण उभी राहिली: खोली इतकी काळोखी झाली की उजाडल्याचे कळेना. पुण्यात जूनमध्ये सहाच्या सुमारास सूर्य उगवतो आणि जानेवारीत सातनंतर, पण आमच्या खोलीत बाराही महिने एकच काळी वेळ होती, आणि गजराने दचकून उठल्यावर अर्धा तास अंग जड राहत असे. ज्या घड्याळाला रात्री अंधार लागतो, त्याला सकाळी उजेडही तितकाच लागतो. म्हणून आता रात्रपाळी नसलेल्या दिवसांत निजण्यापूर्वी मी लेपाच्या पडद्याची पायांकडची बाजू वीतभर उघडी ठेवते आणि त्या जागी नुसता पिवळा पडदा ओढते. तिथून येणारा पथदिव्याचा उजेड पायांकडे पडतो, डोळ्यांवर येत नाही. तांबडे फुटले की आधी तो पिवळा पट्टा हळूहळू उजळतो, मग भिंत, आणि गजर वाजायच्या आधी बहुधा मला जाग आलेली असते.